दोन तासांनी मोटर बंद कर

फायनल इयरच्या प्रोजेक्टांची यादी नोटीस बोर्डावर लागली की त्यात एक विषय दरवर्षी हमखास असतो : मोबाईलवरून शेतातली मोटर चालू-बंद करणे. आपल्या होस्टेलमध्ये निफाड, दिंडोरी, चांदवडकडची पोरं भरपूर, त्यामुळे हा विषय कुणी शोधावा लागत नाही, तो घरूनच डब्याबरोबर येतो. मी पिंपळगाव बसवंतचा. रात्रपाळीची लाईट आली की बॅटरी घेऊन विहिरीकडे निघणारी माणसं आमच्याकडे घरोघरी आहेत. वाटेत ऊस, उसात बिबट्या, पायाखाली काय असेल ते देव जाणे. म्हणून विषय खरा आहे, आणि गाईडही खूश होतात.

या अ‍ॅपमध्ये 'चालू' आणि 'बंद' अशी दोन बटणं असतात. ती कुणालाही जमतात. तिसरं एक बटण असतं, 'दोन तासांनी बंद'. बहुतेक ग्रुप ते शेवटच्या आठवड्यात, रिपोर्टचं बाइंडिंग चालू असताना, एका ओळीत उरकतात. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधलं खरं इंजिनिअरिंग त्या तिसऱ्या बटणात आहे. हा लेख फक्त त्या बटणाबद्दल.

'थोड्या वेळाने हे कर' असं मशीनला सांगणं आपण पहिल्यांदा शिकलो ते टर्बो सी मध्ये. 'डिले' लिहा, कंसात हजार टाका, प्रोग्रॅम एक सेकंद गप्प. पुढे ८०५१ च्या प्रॅक्टिकलला तेच आपण रिकामी लूप फिरवून केलं. तिथे ते चालतं, कारण चिप आपल्या एकट्याच्या मालकीची असते. एलईडी लुकलुकण्यापलीकडे तिला दुसरं काम नाही. हीच सवय घेऊन आपण मोबाईलवर येतो, 'थ्रेड डॉट स्लीप' लिहितो, आणि स्क्रीन गोठते. बटण दाबलं तरी हलत नाही. पाच सेकंद बोटाला उत्तर मिळालं नाही की अँड्रॉइड विचारतो, 'हे अ‍ॅप प्रतिसाद देत नाहीये, बंद करू का?'

असं का होतं, हे ज्यांनी पिंपळगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिलाय त्यांना लगेच समजेल. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप ओळीने उभ्या असतात. बोली पुकारणारा माणूस आणि त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी येतो, माल हातात घेऊन बघतो, भाव फुटतो, की पुढचं वाहन. पुकारणारा एकच. अ‍ॅपचा मेन थ्रेड म्हणजे हा पुकारणारा. बोटाचा स्पर्श, स्क्रीन रंगवणं, आलेला मेसेज दाखवणं, सगळी कामं त्याच्यासमोर ओळीत उभी असतात. आता एखादा शेतकरी म्हणाला, "जरा थांबा, भाऊ येतोय, त्याला विचारून सांगतो," आणि पुकारणारा खरोखरच त्या ट्रॉलीपाशी पाच मिनिटं उभा राहिला, तर काय होईल? मागची सगळी ओळ खोळंबेल आणि शिव्या सुरू होतील. 'स्लीप' म्हणजे नेमकं हे. शहाणा पुकारणारा म्हणतो, "असू द्या, तुमची गाडी नंतर घेतो," आणि पुढे सरकतो.

ही 'नंतर घेतो' ची सोय अँड्रॉइडमध्ये पहिल्या दिवसापासून आहे. तिचं नाव हँडलर, आणि त्याची मेथड 'पोस्ट डिलेड'. तिला दोन गोष्टी द्यायच्या : काय चालवायचं, आणि किती मिलिसेकंदांनी. ती ते काम वेळेची चिठ्ठी लावून मेन थ्रेडच्या ओळीत सरकवते आणि लगेच परत येते. ओळ वेळेनुसार लावलेली असते. वेळ झाली की ते काम पुढे येतं. कोटलिनमध्ये कोरूटीनच्या आत 'डिले' लिहिलं तरी वरून स्लीपसारखं दिसतं, पण आतून थ्रेड मोकळाच राहतो. फ्लटरवाल्यांचं 'फ्युचर डॉट डिलेड', आयफोनवाल्यांचं 'असिंक आफ्टर', जावास्क्रिप्टवाल्यांचं 'सेट टाइमआउट', नावं वेगळी, कल्पना तीच. फ्लटरवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की 'फ्युचर डॉट डिलेड' एकदा सोडलं की मागे घेता येत नाही. रद्द करण्याची शक्यता असेल तर 'टायमर' वापरा.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे, दिलेला आकडा हा 'कमीत कमी' असतो. पाच सेकंद सांगितले आणि नेमकं त्या क्षणी मेन थ्रेड एखादा मोठा फोटो उलगडत बसला असेल, तर तुमचं काम त्याच्या मागे थांबणार. अ‍ॅनिमेशनला हे चालतं, स्टॉपवॉचला चालत नाही. स्टॉपवॉच लिहिताना 'दर सेकंदाला एक मिळव' असं करू नका, दर वेळी घड्याळ बघून वजाबाकी करा. नाहीतर चूक थेंबाथेंबाने साठत जाते.

दुसरा खड्डा गमतीचा आहे. द्राक्षाच्या छाटणीनंतर ३० दिवसांनी आठवण करायची म्हणून कुणी सरळ गुणाकार लिहिला : ३० गुणिले २४ गुणिले ६० गुणिले ६० गुणिले १०००. उत्तर २,५९,२०,००,०००. पण जावाच्या 'इंट' मध्ये मावतात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७, म्हणजे मिलिसेकंदांच्या हिशेबात २४ दिवस आणि वर थोडे तास. गुणाकार उलटा फिरतो आणि उत्तर येतं उणे १७० कोटींच्या घरात. हँडलरला उणे आकडा दिला तर तो त्याला शून्य समजतो. परिणाम काय? महिन्याने यायची आठवण आत्ताच्या आत्ता येते! उपाय एका अक्षराचा आहे, आकड्यापुढे 'एल' लावून तो 'लाँग' करा. (खरं तर महिनाभराच्या आठवणीला हँडलर वापरणं हेच मुळात चूक आहे. का, ते पुढे येतंच.)

आता फोन आडवा करा. अँड्रॉइड साधारणपणे जुनी स्क्रीन मोडून नवी उभी करतो. पण जुन्या स्क्रीनने ओळीत सोडलेलं काम अजून ओळीतच आहे. वेळ झाली की ते मोडलेल्या घराचं दार वाजवायला जाणार. नशीब चांगलं असेल तर काहीच होत नाही, वाईट असेल तर अ‍ॅप कोसळतं. आणि ते काम ओळीत आहे तोवर जुनी स्क्रीन मेमरीतून सुटतही नाही. होस्टेलची रूम सोडली पण मेसच्या वहीतून नाव काढलं नाही की बिल चालूच राहतं, तसं. म्हणून स्क्रीन जाताना 'रिमूव्ह कॉलबॅक्स' म्हणायचंच. कोटलिनमध्ये 'लाइफसायकल स्कोप' मध्ये कोरूटीन सोडलं तर स्क्रीनबरोबर ते आपोआप रद्द होतं. नव्याने शिकणाऱ्यांनी हाच रस्ता धरावा.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना माहीत असतं आणि व्हायवाला विचारलंही जातं. खरी गोष्ट फोन खिशात गेल्यावर सुरू होते.

समजा, आपल्या ग्रुपने तिसरं बटण असं लिहिलं : बटण दाबताच विहिरीवरच्या स्टार्टरमधल्या सिमला 'चालू' असा एसएमएस जातो, आणि हँडलरला सांगितलं जातं की ७२ लाख मिलिसेकंदांनी 'बंद' पाठव. लॅबमध्ये वेळ दोन मिनिटांवर आणून दाखवलं. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. आता तोच फोन पिंपळगावच्या एखाद्या मळ्यात गेला. रात्री ११ ला लाईट आली, अण्णांनी बटण दाबलं, स्क्रीन बंद केली, फोन उशाशी ठेवला आणि गोधडी ओढली.

स्क्रीन बंद झाल्यावर फोनचा प्रोसेसरही झोपतो, बॅटरी वाचावी म्हणून. आणि हँडलर ज्या घड्याळावर चालतो ते 'अपटाइम' घड्याळ फक्त प्रोसेसर जागा असतानाच पुढे सरकतं. मध्येच कुणाचा मेसेज आला की फोन डोळे किलकिले करतो, तेवढंच ते घड्याळ पुढे. भिंतीवरच्या घड्याळात १ वाजला तरी हँडलरच्या हिशेबाने अजून पाव तासही झालेला नसतो. शिवाय मध्यरात्री सिस्टिमला मेमरी हवी झाली आणि तिने आपलं अ‍ॅप उडवलं, तर हँडलर, त्याची ओळ, त्यातलं काम, सगळं गेलं. 'बंद' चा निरोप पहाटे जातो, किंवा जातच नाही. विहिरीचं पाणी तळाला लागतं, मोटर कोरडी फिरते, वाइंडिंग जळतं. पुढचे चार दिवस मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे, आणि बाग पाण्याशिवाय.

हे लॅबमध्ये का दिसलं नाही? कारण लॅबमध्ये फोन यूएसबी केबलला लावलेला होता आणि स्क्रीन चालू होती. असा केबलला लावलेला फोन सहसा असा झोपत नाही. म्हणजे ज्या अवस्थेत चूक दिसते ती अवस्था आपण प्रयोगात येऊच देत नाही. मला हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं.

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आला आणि ही झोप आणखी गाढ झाली. तिला डोझ म्हणतात. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद, आणि काही वेळ हललेला नाही, असं झालं की सिस्टिम अ‍ॅप्सचं नेटवर्क आणि नेहमीचे अलार्म अडवून धरते आणि अधूनमधून थोडा वेळ दार उघडते. कॉटवर पडलेला फोन हे त्याचं अगदी आदर्श उदाहरण.

मग काम कुणावर सोपवायचं? आपलं अ‍ॅप मेलं तरी जिवंत राहणाऱ्यावर, म्हणजे सिस्टिमवर. तिथे 'अलार्म मॅनेजर' आहे. त्याला सांगून ठेवलं की वेळ झाल्यावर तो प्रोसेसरला उठवतो आणि आपलं अ‍ॅप बंद असलं तरी त्याला हाक मारतो. डोझमध्येही वेळेवर वाजायला हवं असेल तर 'सेट एक्झॅक्ट अँड अलाउ व्हाइल आयडल' अशा लांबलचक नावाची मेथड आहे. तीसुद्धा एका अ‍ॅपला नऊ मिनिटांत एकापेक्षा जास्त वेळा वाजू देत नाही, कारण लोकांनी तिचा गैरवापर केला असता. फोन बंद करून चालू केला की लावलेले अलार्म पुसले जातात, म्हणून 'बूट पूर्ण झालं' ही सूचना ऐकून ते पुन्हा लावावे लागतात. अँड्रॉइड १२ (२०२१) पासून अशा नेमक्या अलार्मसाठी वेगळी परवानगी लागते, आणि अँड्रॉइड १४ (२०२३) पासून बहुतेक नव्याने टाकलेल्या अ‍ॅपना ती आपोआप मिळतही नाही, वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. जुनं पुस्तक वाचून कोड लिहिणाऱ्यांनी इथे जपून.

अलार्म लावताना घड्याळही निवडावं लागतं. 'दोन तासांनी' साठी फोन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला हे मोजणारं घड्याळ घ्या, ते झोपेतही चालतं आणि कुणी फोनची वेळ बदलली तरी बिघडत नाही. 'पहाटे ४ ला' साठी भिंतीवरचं घड्याळ. पहाटे ४ ही वेळ मी उगाच घेतलेली नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यात थंडी कडक पडते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो तो उगाच नाही. पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी देतात, म्हणजे जमिनीलगतची हवा जरा उबदार राहते. त्या दिवशी अलार्म ४ ऐवजी साडेसहाला वाजला तर तो वाजला काय आणि न वाजला काय!

ज्या कामाला मिनिटाची घाई नाही, त्याला हा सगळा थाटमाट नको. दिवसभराचे बाजारभाव उतरवून घे, नोंदी सर्व्हरवर चढव, असल्या कामांना 'वर्क मॅनेजर' आहे. २०१८ मध्ये आला. तो फोन रीस्टार्ट झाला तरी काम विसरत नाही, 'नेटवर्क असेल तेव्हाच कर' अशी अटही घालता येते. पण तो वेळेचा वायदा करत नाही, आणि वारंवार करायचं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने घेत नाही. छाटणीनंतरच्या ३० दिवसांच्या आठवणीला हा चालेल.

तर आता आपण 'बंद' चं काम अलार्म मॅनेजरला दिलं. झालं का? माझं मत, नाही. अण्णांच्या फोनची बॅटरी रात्री १२ ला संपली तर? मळ्यात रेंज गेली तर? 'चालू' चा निरोप पोचलाय आणि 'बंद' चा वाटेत आहे, या दोन तासांत मोटरीचं भवितव्य एका उशाशी ठेवलेल्या फोनवर लटकलंय. सगळ्यात भक्कम कोडसुद्धा बंद पडलेल्या फोनवर चालत नाही. म्हणून दोन तास मोजण्याचं काम फोनचं नाहीच. ते विहिरीवरच्या डब्याचं आहे. फोनने एकच निरोप पाठवावा : 'चालू, १२० मिनिटं.' मोजणं आणि बंद करणं मोटरीशेजारच्या कंट्रोलरने करावं. इलेक्ट्रिकलच्या मुलांना यात नवल वाटणार नाही. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये स्टारवरून डेल्टावर जायची काही सेकंदांची वाट स्टार्टरमधलाच टायमर बघतो, घरून कुणी फोन करून 'आता डेल्टा' म्हणत नाही.

मोबाईलवरून मोटर चालवणं हे काही आपल्या कॉलेजने शोधलेलं नाही, हेही इथे सांगायला हवं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाची यंत्रणा बनवली. स्मार्टफोन गावागावात पोचायच्या आधीचे दिवस, साध्या फोनवरून मोटर चालू-बंद व्हायची. २००९ मध्ये नोकियाच्या 'कॉलिंग ऑल इनोव्हेटर्स' स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं. अशा कामात फोन हा फक्त निरोप्या असतो. स्मार्टफोन आल्यावर सगळी अक्कल त्याच्यात भरायचा मोह आपल्याला होतो, तो आवरावा.

डब्यात मोजायचं ठरलं की पुढचा प्रश्न कोडचा नसून अर्थाचा आहे. ११ ला मोटर सुरू झाली, ११:४० ला लाईट गेली, १२:३० ला आली. 'दोन तास' कधी संपले? घड्याळाप्रमाणे १ वाजता, पण तोपर्यंत बागेला पाणी मिळालं फक्त ७० मिनिटं. अण्णांना हवं होतं दोन तास पाणी. म्हणजे मोजायचं ते मोटर प्रत्यक्ष चाललेल्या वेळेवरून. लाईट गेल्यावर आतापर्यंतचा हिशेब टिकायला हवा, म्हणून तो ईईप्रॉममध्ये लिहायचा. दर सेकंदाला लिहाल तर? नेहमीच्या मायक्रोकंट्रोलरमधल्या ईईप्रॉमची एक जागा साधारण एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. एक लाख सेकंद म्हणजे २८ तासांपेक्षाही कमी. थोड्याच रात्रींत ती हमी संपली! दर पाच मिनिटांनी लिहा आणि जागा बदलत राहा. वीज गेली तर जास्तीत जास्त पाच मिनिटांचा हिशेब चुकेल, बागेला त्याचं काही वाटत नाही.

एसएमएसचाही एक स्वभाव आहे. तो कधीकधी उशिरा पोचतो. रात्री १० ला पाठवलेला 'चालू' रेंज आल्यावर २ ला पोचला तर? अण्णांनी तोवर दुसऱ्या मोटरीने भरणं उरकलेलं असतं. म्हणून निरोपात पाठवल्याची वेळ घाला आणि डब्याला सांगा की १० मिनिटांपेक्षा शिळा निरोप पाळायचा नाही, फक्त 'उशिरा आला' असं उलट कळवायचं. 'बंद' मात्र शिळा असला तरी पाळावा, माझ्या मते. उगाच बंद झालेली मोटर परत चालू करता येते.

आणखी एक उशीर मुद्दाम लावायचा असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच आमच्याकडे सर्रास आहेत, आणि ते काढून टाका म्हणून महावितरण पुन्हापुन्हा सांगत असते. कारण सोपं आहे. थेट लाईनवर सुरू होणारी मोटर सुरुवातीला नेहमीच्या सुमारे सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या वीस मोटरी एकाच क्षणी उठल्या तर फ्यूज उडतो, आणि सगळा शिवार अंधारात. प्रत्येक डब्याने लाईट आल्यावर वेगवेगळा वेळ थांबावं, कुणी ४० सेकंद, कुणी ३ मिनिटं, आकडा रँडम. अ‍ॅपमध्येही हेच लागू पडतं. सर्व्हर पडून पुन्हा उठला आणि हजार फोनांनी 'बरोबर ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न' केला, तर तो पुन्हा पडणार. पुन्हा प्रयत्नाचं अंतर दर वेळी दुप्पट करा आणि त्यात थोडा रँडम आकडा मिसळा.

फोनवर 'मोटर बंद होण्यास ४३ मिनिटे बाकी' असं दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, त्यासाठी साधा हँडलर पुरतो. पण तो आकडा फोनने मनाने मोजलेला आहे की डब्याने कळवलेला, हे शेजारी लिहा. 'शेवटची खबर ११:३५' एवढं पुरे. अण्णांना त्यावरून विहिरीवर जायचं की झोपायचं हे ठरवता येतं.

ज्यांचा हा प्रोजेक्ट चालू आहे त्यांच्यासाठी एक काम. एडीबीच्या 'डम्पसिस' मधून फोनला 'बॅटरीवर आहेस' असं खोटं सांगता येतं आणि जबरदस्तीने डोझमध्येही घालता येतं, ते लॅबमध्ये करून बघाच. पण एकदा खरंही करा. रात्री मेसमधून आल्यावर बटण दाबा, फोन केबलवरून काढा, स्क्रीन बंद करून कपाटात ठेवा आणि रूममेटला सांगा की सकाळपर्यंत हात लावायचा नाही. उठल्यावर लॉगमधल्या वेळा वहीत उतरवा, आणि एक्सटर्नलना तीच वही दाखवा.